जुन्या बसच्या वाकड्या काचेवर वन वे व्हिजन: कामाच्या नोंदी

१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

काम आलंय. औसा तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या मैदानावर जुनी बस उभी केलीये, इंजिन काढलेली, आरसी रद्द झालेली, भंगारातून घेतलेली. तिच्यात वाचनालय करायलेत. सीटा काढून रॅक बसवलेत, खाली मॅट टाकलीये. शाळेतलेच एक सर हे सगळं बघतात. गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं आहे म्हणून रस्ते रुंद, नाहीतर क्रेनला लटकवून बस मैदानापर्यंत आणणं जमलंच नसतं असं सर म्हणले.

अडचण उन्हाची. चारी बाजूनं काच, आणि एप्रिलात दुपारी बारानंतर आत बसवत नव्हतं म्हणे, पोरं पुस्तक डोक्यावर धरून बसायची. पडदे लावावेत तर अंधार, आणि लाइट लावावी म्हणलं तर लाइटच नसते. सरांनी ट्रॅव्हल्सच्या काचेवर जाहिराती बघितल्यात, बाहेरून चित्र दिसतं आणि आतून आरपार दिसतं, तर तसलं करून द्या म्हणले.

आता खरं सांगायचं तर दुकानाच्या सपाट काचेवर ही असली फिल्म, म्हणजे वन वे, मी डोळे झाकून लावतो, लातुरात चौदा वर्षं झाली रेडियम आणि फ्लेक्सच करतोय. पण वाकड्या काचेवर एकदाच लावलं होतं, दोन वर्षांमागं एका क्लासवाल्याच्या गाडीला, आणि ते चार महिन्यात कोपऱ्यातून उखडून झेंड्यासारखं फडफडायला लागलं. पैसे परत दिले, वरून स्वतःच खरवडून काढलं. तवा काय चुकलं हे नीट लिहून ठेवलं नाही म्हणून ह्यावेळी वही काढलीये.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की उद्घाटन. म्हणजे हातात चार आठवडे, आणि मधे पोळा, गणपती, महालक्ष्म्या सगळं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

माप घ्यायला गेलो. उद्या पोळा, आज खांदेमळण, गावात टेप धरायला एक माणूस मोकळा नाही. शेवटी भाच्यालाच एका टोकाला उभं केलं.

काच किती वाकडी आहे हे नजरेनं कळत नाही. माझी युक्ती सोपी: मोठा वर्तमानपत्राचा कागद घ्यायचा, मधोमध टेप लावायचा आणि हातानं बाहेरच्या बाजूला सारत न्यायचा. कागद कुठंच घडी न पडता बसला म्हणजे काच एकाच दिशेनं वळलीये, पत्र्याच्या डब्यासारखी, मग फिल्म पण बसणार. आणि कागदाला चुण्या पडायला लागल्या म्हणजे काच दोन्ही दिशेनं वळलीये, माठासारखी, तिथं फिल्म कितीबी चांगली असली तरी आपणहून बसणार नाही.

पुढची काच दोन तुकड्यात आहे, प्रत्येक तुकडा बाहेरच्या टोकाला वळतो, पण कागद गुमान बसला. बाजूच्या सरकत्या खिडक्या सपाटच. मागची काच मात्र एकसलग आणि तिच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यात कागदाच्या पार चुण्या. तिथंच काम आहे.

दुसरं, माप सरळ घ्यायचं नाही. मागच्या काचेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप ताणून धरला तर १७२ सेंटीमीटर आणि काचेला चिकटवून फिरवला तर १८१. नऊ सेंटीमीटरचा फरक! क्लासवाल्याच्या गाडीला मी ताणूनच माप घेतलं होतं आणि कमी पडलं तेवढं फिल्म ओढून भरून काढलं होतं, आता आठवलं. उंची मधे ६८, कोपऱ्यात ६१. सगळीकडून पाच सेंटीमीटर जास्त धरून फाईल करायची.

पुढच्या काचेवर वर 'आई तुळजाभवानी प्रसन्न' असं जुनं रेडियम आहे. ते खरवडायला ब्लेड लावलं तर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी लगेच, अहो ते नका काढू. नाही काढत. फिल्मची वरची कड त्याच्या खाली घ्यायची, लिहून ठेवलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

मटेरियल ठरवायला सगळा दिवस गेला.

वन वे म्हणजे तसं बघितलं तर साधं प्रकरण. भोकं पाडलेलं व्हिनाइल, म्हणजे चिकटणारी प्लास्टिकची फिल्म, पुढून पांढरं आणि मागून काळं. भोकं दीडेक मिलिमीटरची. बाहेर उजेड जास्त म्हणून बाहेरच्याला छापलेला रंग दिसतो, आतल्याच्या डोळ्यासमोर काळा भाग येतो आणि नजर त्यातून निसटून भोकातून बाहेर जाते. पन्नास-पन्नास म्हणजे निम्मी भोकं, साठ-चाळीस म्हणजे साठ टक्के व्हिनाइल आणि चाळीस टक्के मोकळं. पोरांना वाचायला उजेड पायजे म्हणून सर पन्नास-पन्नास म्हणत होते, पण ऊन अडवायचं हेच मुख्य काम आहे म्हणून मी साठ-चाळीसवर आणलं त्यांना. आत वाचून बघितलं तुकडा धरून, दिसतं व्यवस्थित.

खरा प्रश्न वरच्या लॅमिनेशनचा. लॅमिनेशन नाही केलं तर पाऊस आला की भोकात पाणी साचतं आणि आतून सगळं धुरकट, धूळ बसली की तीबी भोकातच बसते. दुकानात साधं चकचकीत लॅमिनेशन पडलेलं होतं, त्याचा एक तुकडा करून काचेवर लावून आतून बघितलं तर बाहेरचं लिंबाचं झाड दुधात बुडवल्यासारखं. वन वेसाठी ऑप्टिकली क्लिअर म्हणून वेगळं येतं ते ह्याच्यासाठीच.

त्यात पण दोन जाती. कॅलेंडर्ड म्हणजे गरम पीव्हीसी रुळातून दाबून पातळ केलेलं, त्याच्या अंगात तो ताण राहतो आणि नंतर ते आकसतं. कास्ट म्हणजे पातळ करून ओतून वाळवलेलं, त्याला कुणी ओढलेलंच नसतं म्हणून ते आपल्या जागेवर गप बसतं. सपाट काचेला कॅलेंडर्ड चालून जातं. वळणाला कास्ट. महाग आहे, पण क्लासवाल्याच्या वेळी मी इथंच पैसे वाचवले होते.

लातुरात मिळालं नाही. हैदराबादहून मागवलं, ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं येईल. बाजूच्या खिडक्यांना लॅमिनेशन नाहीच करायचं, तिथं सर पत्र्याचं शेड काढणार आहेत, पाऊस लागायचा नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कालपासून धो धो. गणपती बसून दोन दिवस झालेत आणि मंडपात गुडघाभर चिखल. पार्सल आलं एकदाचं, वरचं खोकं भिजलं, आतला रोल कोरडा.

चाचणीची पट्टी छापून घेतली. ह्या फिल्मला मागं दोन कागद असतात, एक भोकं असलेला आणि त्याच्यामागं एक सलग, नाहीतर शाई भोकातून थेट मशीनवर. छापून आलेली पट्टी सरांना दाखवायला पाठवली तर पाच मिनिटात फोन.

"अहो दादा, हे 'ग्रथालय' काय?"

फाईल उघडून बघितली तर 'ग्रंथालय' बरोबर आहे. मग पट्टी बघितली, खरंच ग्रथालय. खाली बारीक ओळीत 'मुक्तिसग्राम' पण. अनुस्वार भोकांनी खाल्ला होता! अक्षर तीन सेंटीमीटरचं, त्याचा टिंब साडेतीन मिलिमीटरचा, आणि भोक दीडचं. टिंबात दोन भोकं पडली की उरतंय काय. इंग्रजी अक्षरात हा त्रास एवढा नाही, आपल्या लिपीत वर टिंब, खाली उकार, पातळ रफार, सगळं बारीक कामच जास्त. सर मराठीचेच, त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

मग कॉम्प्युटरवर कोरलमधे, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे, बसून प्रत्येक अनुस्वार वेगळा काढला, नऊ मिलिमीटरचे गोल हातानं ठेवले. शिरोरेघ जाड केली. अक्षर आठ सेंटीमीटरच्या खाली घ्यायचंच नाही असं ठरवलं, आणि ती खालची बारीक ओळ काचेवरून काढून पत्र्यावर साध्या व्हिनाइलमधे टाकली. रंग पण उजळ केले सगळे, कारण बाहेरून भोकं काळीच दिसतात आणि पोपटी रंगाचा शेवाळी होतो, फिकट पिवळ्याचा तर मळका होतो. स्क्रीनवर बघताना भडक वाटलं तरच काचेवर बरं दिसतं.

छापलेला माल चोवीस तास उघडा वाळू द्यायचा, मगच लॅमिनेशन. इको सॉल्व्हंट शाई आहे, आतलं सॉल्व्हंट उडून गेलं नाही तर लॅमिनेशनखाली कोंडतं आणि फिल्म मऊ पडून कडा वळतात. आणि ह्या हवेत चोवीसला छत्तीस लागले.

३ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्या काल उठल्या, आज घरातून सुटका. पावसानं उघडीप दिली. पुढची काच आणि बाजू उरकल्या.

पुसण्यातच दोन तास गेले. आधी ब्लेडनं जुने स्टिकर आणि डिंक, मग साबणपाणी, मग कोरडं, मग आयपीए, म्हणजे पुसायचं स्पिरिट (आयसोप्रोपिल अल्कोहोल), घेऊन जुन्या धोतराच्या कापडानं. टॉवेल वापरायचा नाही, लव सुटते. काच पुसायचा निळा स्प्रे पण नाही, त्याचा थर राहतो. रबराच्या कडेला सगळी घाण दबा धरून बसलेली असते, तिथं फिल्म दाबून बसवायच्या पट्टीच्या टोकाला कापड गुंडाळून घासलं तर काळं निघतच राहिलं.

आणि पाणी मारून लावायचं नाही हे भाच्याला तीनदा सांगावं लागलं. रेडियमची अक्षरं आम्ही नेहमी साबणपाणी मारून सरकवत लावतो, हाताला तीच सवय. वन वेला पाणी मारलं की ते भोकात अडकतं, वर लॅमिनेशन, बाहेर निघायला वाट नाही, मग आत धुक्याचे ठिपके. कोरडंच लावायचं, म्हणजे एकदा टेकली की सरकत नाही, म्हणून आधी मास्किंग टेपनं पूर्ण फिल्म काचेवर टांगायची, लांब जाऊन बघायची, रेघ पाण्याच्या पातळीत आहे का, आणि मग मधोमध टेपचा उभा पट्टा मारून एका बाजूचा कागद सोडवायचा.

पुढची काच गुणी निघाली. मधून सुरुवात करून बाहेर, पट्टीचा एक हात दुसऱ्यावर थोडा चढवत, वळणावर तर हीट गन, म्हणजे गरम हवा मारायचं मशीन, पण लागली नाही. कडेनं रबरापासून चार मिलिमीटर सोडून कापली. रबरावर फिल्म चढली की तिथूनच हवा आणि पाणी शिरतं, चार महिन्यात सुटते. कोपरे दहाच्या नाण्यानं गोल केले, टोकदार कोपऱ्याला नख लागतं आणि शाळा आहे म्हणल्यावर नखं काही कमी नाहीत.

आपत्कालीन खिडकीवर फिल्म फक्त काचेपुरती, फ्रेमवरून नेली नाही. बस उभी असली तरी आत तीस पोरं असणार, दार अडलं तर ती उघडली पायजे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मागची काच लावली. एकसलग, १८१ बाय ६८, मोठं लिंबाचं झाड आणि खाली वाचणारी पोरं.

मधला भाग झकास. मग वरचे कोपरे. जशी कागदाची चुणी पडली होती तशीच फिल्मची पडायला लागली, तीन-तीन सुरकुत्या कोपऱ्याकडं जाणाऱ्या. हीट गन घेतली, लांबून फिरवत मऊ केली, भाच्यानं खालून धरलं, मी वरून ओढलं आणि पट्टी मारली. सुरकुती गेली! दुसरा कोपरा पण तसाच. गन एका जागी धरली नाही, काच एका ठिकाणी तापली की तडकते, ही भीती डोक्यात होतीच.

जवळून बघितलं तर कोपऱ्यातली भोकं गोल राहिली नव्हती, ज्वारीच्या दाण्यासारखी लांबट झाली होती आणि पोराचं डोकं जरा भोपळ्यासारखं. पण दहा फुटावरून कळत नव्हतं. सर खूश. आज शिक्षक दिन म्हणून शाळेत पेढे होते, ते पण खाल्ले.

६ सप्टेंबर, शनिवार

भाचा सकाळी राहिलेल्या खिडकीला गेला होता. दुपारी ऊन पडलं आणि तीन वाजता त्याचा फोन.

"मामा, उखडायलंय बगा."

"कुठं?"

"दोन्ही कोपऱ्यातून. तुमी जिथं वडलं ना, तिथंच."

गणपती विसर्जनाच्या गर्दीतून कसाबसा गाडी काढून गेलो. उजव्या कोपऱ्यात फिल्म आठ मिलिमीटर मागं सरकलेली, डाव्या कोपऱ्यात सुटून वर वळलेली. म्हणजे एका रात्रीत आणि एका दुपारच्या उन्हात तिनं मी ओढलेलं सगळं परत घेतलं.

तिथंच पायरीवर बसून विचार केला. कास्ट आहे ते वरचं लॅमिनेशन, खालची भोकाची फिल्म रुळातून दाबून केलेलीच, तिला मूळ आकार आठवतो. गरम करून ओढली की तेवढ्यापुरती ऐकते, परत ऊन लागलं की निघाली माघारी. हे साध्या व्हिनाइलला पण होतं, पण त्याला सगळ्या अंगाला गम असतो, तो धरून ठेवतो. इथं चाळीस टक्के भोकंच, म्हणजे धरायला जागा साठ टक्के. वरून दोन भोकांमधली पट्टी एवढी बारीक की सगळा ताण तिच्यावरच येतो. क्लासवाल्याच्या गाडीचं पण हेच झालं होतं, मी उगं दोन वर्षं गमाला शिव्या देत बसलो.

सगळी काढली. थोडी गरम करून, हळूहळू, काचेला लागून मागं दुमडत ओढली की गम काचेवर कमी राहतो. १८१ बाय ६८ केरात. लॅमिनेशनचा हिशोब करायला नको आज.

७ सप्टेंबर, रविवार

काच बदलता येत नाही, फिल्म ओढायची नाही, मग तुकडे करावे लागणार. पण झाडाच्या मधोमध जोड आला तर कुणीबी बोट ठेवून विचारणार.

आई संध्याकाळी पपई कापत होती, आज रात्री ग्रहण आहे म्हणून सगळं खाणंपिणं लवकर उरकायचं चाललं होतं. उभ्या फोडी. फोड बघितली आणि डोक्यात आलं की गोल फळाचं साल एकसलग सपाट होत नाही पण बारीक फोडीचं साल ताटात जवळजवळ सपाट बसतं. फोड जितकी बारीक तितकं वळण कमी. काचेच्या कोपऱ्याला पण उभ्या पट्ट्या केल्या तर प्रत्येक पट्टीला दोन दिशेचं वळण नावापुरतंच उरेल.

आणि उभ्या पट्ट्याच पायजेत तर चित्र उभ्या पट्ट्यांचंच काढावं की. पुस्तकांच्या पाठी! रॅकवर ओळीनं ठेवलेली पुस्तकं, प्रत्येक पाठ अकरा-बारा सेंटीमीटर रुंद, दोन पुस्तकांच्या मधे तशीही काळी रेघ असतेच, जोड तिच्यात. झाड मधल्या सपाट भागात ठेवायचं, दोन्हीकडं पुस्तकं.

कुठल्याच खऱ्या पुस्तकाचं नाव नको, पाठीवर नुस्ते विषय: गोष्टी, पक्षी, विहीर, गणित, ज्वारी, तारे. सरांना फोन केला तर त्यांनी मुद्दाम 'संत' आणि 'गंमत' घालायला लावलं. अनुस्वाराचा वचपा.

आई म्हणाली ग्रहणात कात्री-सुरी चालवू नको. मी म्हणलं कोरलमधे कापतोय, तिथं धार नसती. तरी रात्री नऊच्या आत कॉम्प्युटर बंद केला.

१० सप्टेंबर, बुधवार

छापून आलं. मधला तुकडा ११० सेंटीमीटरचा, दोन्ही बाजूला तीन-तीन पट्ट्या. पट्ट्यांची वरची टोकं जरा निमुळती घेतली, कागदाचा साचा काचेवर ठेवून पेन्सिलीनं काढून घेतली होती त्याप्रमाणं.

जोड कसा करायचा ह्यावर भाच्याशी वाद. तो म्हणे एकावर एक सेंटीमीटर चढवू. एरवी साध्या व्हिनाइलला तेच करतो, पण इथं खालची आणि वरची भोकं एकमेकांवर बरोबर येत नाहीत, आतून बघितलं की जोडाच्या जागी काळा पट्टा दिसतो. आणि वरच्या तुकड्याची कड खालच्या लॅमिनेशनवर नीट धरत पण नाही. म्हणून कडेला कड. जोडावर नंतर उरलेल्या कास्ट लॅमिनेशनची एक सेंटीमीटरची पारदर्शक पट्टी मारायची, म्हणजे कडेच्या उघड्या भोकातून पाणी शिरायचं नाही. पाणी एकदा कडेनं शिरलं की मुंग्यांच्या रांगेसारखं भोकाभोकातून आत चालत जातं, ते मी दुकानाच्या काचेवर बघितलंय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लावलं. सकाळी सातला गेलो, काच गार असताना. ऊन चढलं की गम लगेच पकडतो आणि चूक उचलून दुरुस्त करता येत नाही.

मधला तुकडा आधी. त्याच्या दोन्ही कडा एकदम ओळंब्यात पायजेत, कारण पुढच्या सगळ्या पट्ट्या त्याच्या आधारानं उभ्या राहणार. गवंड्याचा ओळंबाच मागून आणला, काचेच्या वरून सोडला. एका बाजूला दोन मिलिमीटर तिरकी वाटली म्हणून परत उचलली, उचलताना वरचा कोपरा जरा ताणला गेला, तो कापून टाकावा लागला, तिथं आता बारीक पांढरी खाच दिसते. मला दिसते.

मग पट्ट्या. पहिली पट्टी खालून वर, मधून दोन्ही कडांकडं हलका हात. अजिबात ओढायची नाही हे मनात म्हणत होतो आणि तरी हात ओढायला जातच होता, चौदा वर्षांची सवय. शेवटी भाच्याला म्हणलं, तू फिल्मला हात लावू नको, नुस्तं माझ्या हाताकडं बघ आणि ओढली की ओरड. पोरगं चारदा ओरडलं.

पहिली बसली, दुसरी बसली. तिसरी सगळ्यात टोकाची, तिथं वळण जास्त, वरच्या टोकाला एक बारीक सुरकुती आलीच. आधीचा मी असतो तर गन घेतली असती. त्याऐवजी सुरकुतीच्या रेघेवरून वरून खाली सात सेंटीमीटर चीर दिली, जास्तीचं मटेरियल जेवढं एकमेकांवर चढत होतं तेवढंच पाचरीसारखं काढलं, दोन्ही कडा आपणहून जवळ आल्या. शिंपी ब्लाउजला टक घालतो तसं. चीर 'ज्वारी' पुस्तकाच्या पाठीवर पडली, तिथं कणसाचा दांडा होता, त्याच्यात गेली. हे मात्र ठरवून नव्हतं.

ब्लेड काचेवर चालवताना हात एकदम हलका, आणि दर कापाला नवीन टोक. बोथट ब्लेड दाबावं लागतं, दाबलं की काचेवर ओरखडा, आणि फिल्मची कड पण फाटल्यासारखी होते. सहा पट्ट्यांना अकरा टोकं मोडली.

गन शेवटी वापरली, पण ओढायला नाही. कडा आणि जोड थोडे कोमट करून वरून कापड गुंडाळलेल्या पट्टीनं दाबून घेतले, म्हणजे गम बसतो. मग पारदर्शक पट्ट्या जोडांवर आणि चारी कडांना. जेवण साडेतीनला. मावशींनी खिचडी ठेवली होती झाकून.

भोकं सगळीकडं गोल आहेत. खालपासून वरपर्यंत बघितली.

१४ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस ऊन-पाऊस दोन्ही झाले. कोपरे जागेवर.

गावातला एक जण बोलेरो घेऊन आला, असंच माझ्या मागच्या काचेला लाव, दादांचा फोटो टाक. नाही म्हणलं. रस्त्यावरच्या गाडीला नियम आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला शंभरावा, पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचेतून पन्नास टक्के उजेड आरपार गेला पायजे, आणि २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर जो बडगा उगारला तो सगळ्यांना माहितीये. साठ-चाळीसच्या फिल्ममधे मोकळं चाळीसच, तिथं सत्तर कुठून आणू. तो म्हणला ट्रॅव्हल्सला कशी चालती मग. म्हणलं ते ट्रॅव्हल्सवाल्याला इचार. क्लासवाल्याची गाडी मी केली होती हे त्याला सांगितलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी सातला सरांचा घाबरलेला फोन, चित्र गेलं म्हणून. गेलं म्हणजे? दिसतच नाही, आतली पोरं दिसायलीत.

मी हसलो, पण चूक माझीच, आधी सांगायला पायजे होतं. रात्री आत ट्यूब लावली आणि बाहेर अंधार असला की सगळं उलटं होतं, उजेड जिकडं तिकडचं दिसतं. बाहेरून चित्र विरून जातं आणि आतल्यांना बाहेरचं काही दिसत नाही. ह्याला इलाज फिल्ममधे नाही, लाइटमधे आहे. बाहेरून एक फोकस काचेवर मारायचा आणि आतल्या ट्यूब बंद. तसं करून बघा म्हणलं. दहा मिनिटानं फोटो आला, पुस्तकं जागेवर.

तरी सर म्हणले रात्री आत पोरं अभ्यासाला बसली की बाहेरून दिसलेली बरी, पालकांना कळतं. म्हणजे हे दुखणं नाहीच त्यांच्यासाठी. फोकसचा खर्च वाचला.

१७ सप्टेंबर, बुधवार

झेंडावंदन, भाषणं, मग रिबीन. १९४८ चे दिवस लहानपणी बघितलेल्या एका आजोबांच्या हातानं कापली. मी मागच्या काचेजवळच उभा होतो. एका पोरीनं बाहेरून काचेला नाक लावून आत बघायचा प्रयत्न केला, नाक लावल्यावर दिसतं.

एका पाहुण्यानं विचारलं, पुस्तकांची कल्पना कुणाची? सर म्हणले कलाकाराची. मी गप.

५ ऑक्टोबर, रविवार

मधे लिहायला जमलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितलाय, मांजरा, तेरणा दोन्ही पात्राबाहेर, सोयाबीन पाण्यात. अशा वेळी काचेवरच्या स्टिकरची चौकशी करायला लाज वाटत होती. आज रस्ता सुरू झाला म्हणून गेलो. बस उंचावर होती, आत पाणी नाही. रॅकवरच्या खालच्या फळीत चार घरांचं धान्य पोत्यात भरून ठेवलेलं.

मागची काच: दोन्ही वरचे कोपरे घट्ट. जोडात पाणी नाही, आतून नीट दिसतं. मधल्या तुकड्याच्या खालच्या कडेला बोटभर लांबीत पाणी शिरलंय, तिथं पारदर्शक पट्टी मारताना खाली रबराचा काळा राहिला असणार. कापड धरून दाबलं तर थोडं निघालं, बाकीचं वाळल्यावर ती पट्टी काढून नवी मारायची.

पुढची काच: डाव्या खालच्या कोपऱ्यात कुणीतरी नखानं टोकरलंय, नाणं लावून गोल केलेला असून. दीड सेंटीमीटर. तिथं ठिगळ.

बाजूचं शेड अजून झालेलं नाही, त्यामुळं बिनलॅमिनेशनच्या खिडक्यांची भोकं पावसाच्या चिखलानं भरलीत आणि आतून काहीच दिसत नाही. ब्रश आणि पाणी घेऊन भाचा एक खिडकी धुवून बघतोय, निम्मं निघतंय. सर म्हणले शेडचे पैसे सध्या दुसरीकडं गेलेत, आणि पोत्यांकडं बोट दाखवलं.

कास्ट लॅमिनेशन १.४ मीटर शिल्लक आहे. दोन खिडक्या होतील.